उजव्या आरशातलं नाक

चाळीस फुटी ट्रेलर मागे घेताना मी उजव्या आरशात मागचं न बघता स्वतःचं नाक बघत होतो. मागे माझा थोरला भाऊ उभा होता. त्याचा हात मोडला.

गाडी आम्हा दोघांची. उरणच्या यार्डात कंटेनर उतरवायचा तर मी स्टिअरिंगवर आणि दादा मागे, "येऊ दे, येऊ दे" ओरडत गाडीच्या अंगावर थापा मारणार, अशी आमची कामाची वाटणी. त्या दिवशीही तो "थांब! थांब!" म्हणून ओरडला, थापा मारल्या. पण गेटवर थांबलो असताना मी आरसा तोंडाकडे वळवून घेतला होता, तो तसाच, आणि नाकापुढे मला काही ऐकूच आलं नाही. दादाने भिंतीच्या बाजूने उडी मारली. डावा हात तेवढा मध्ये राहिला.

माझं नाक डावीकडे वाकडं आहे. म्हणजे मला तसं दिसतं. आठ वर्षं दिसतंय. काचेपाशी लटकवलेल्या लिंबू-मिरचीचा दोरा गवंड्याच्या ओळंब्यासारखा धरून मी ते तपासायचो. बंदराबाहेरच्या रांगेत पाच तास मिळाले की पाचही तास हेच. गाडी जरा हलली की लिंबू हलायचं, मग पुन्हा पहिल्यापासून. हसण्यासारखंच आहे, सांगताना मीही हसतो. पण धाकट्या बहिणीच्या हळदीला सगळा गाव नाचत होता आणि मी फोटोवाल्याच्या भीतीने गाडीत काचा वर करून बसलो होतो. तिच्या अल्बममध्ये मी कुठेच नाही. आणि एका दुपारी मी पान्यांच्या पेटीतली पक्कड नाकाला लावली होती. धाडस झालं नाही असं नाही, ग्रीस लागलेली होती म्हणून घसरली.

दादाने धड असलेल्या हाताने माझ्याकडून चावी काढून घेतली. "ह्ये खूळ जात न्हाय तोवर गाडीला हात लावायचा न्हाय." गाडी नाही म्हणजे माझ्याजवळ काहीच नाही. वहिनीने मला डॉक्टरांकडे नेलं. नाकाच्या नव्हे, मनाच्या.

असा मूर्ख जगात मी एकटाच, हे मी आत जाताना धरूनच चाललो होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नसलेला दोष स्वतःच्या अंगात दिसत राहणं हा आजार आहे, नखरा नव्हे. शंभर माणसांत एक-दोघांना असतो, पुरुषांनाही. लाजेपायी कुणी बोलत नाही, इतकंच." गोळ्या दिल्या, दर आठवड्याला बोलायला या म्हणाल्या.

मी घरी न जाता थेट ट्रेलरच्या रांगेत गेलो. शंभर गाड्या सहज असतील. म्हणजे हिशेबाने माझा एखादा भाऊबंद तिथे हवा! मी एकेका केबिनमध्ये डोकावत निघालो. "तुम्हाला तुमचं तोंड कसं वाटतं?" दोघांनी शिव्या दिल्या. एकाने विचारलं, "दुपारीच लावली काय भाऊ?" रांग संपत आली तरी मी विचारतच होतो, आवाज रडका झाला होता. शेवटाकडच्या एका केबिनमध्ये भर उन्हात डोक्याला गमछा घट्ट गुंडाळलेला दाढीवाला बसला होता. त्याने आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते बघितलं. मग गमछा न सोडता म्हणाला, "कान."

एवढंच. मी त्याच्या गाडीच्या पायरीवर बसून हमसून रडलो. त्याने वरून पाण्याची बाटली दिली. डॉक्टरीणबाईंचा पत्ता मी त्याला सिगारेटच्या पाकिटावर लिहून दिला.

काही महिन्यांनी दादाने चावी माझ्यासमोर ठेवली. तेच यार्ड, तीच भिंत. मी आरसा बाहेर वळवला आणि गाडी बंद केली. खाली उतरून त्याच्याकडे गेलो.

"दादा, अजून दिसतं रे मला वाकडं. पहिल्याएवढं नाही, पण दिसतं. तू नको उभा राहूस मागे. परत तसं झालं तर?"

दादा भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. बरा झालेला, पण पुरता सरळ न होणारा हात त्याने वर केला.

"चल, घे मागं. नाक सरळ व्हतं तवा पन तुला गाडी मागं घेता येत नव्हती."