आडवं होता येईल अशी गाडी

जुन्या गाड्या विकतात त्या मोकळ्या मैदानात, भर दुपारी, चार-पाच परक्या पुरुषांसमोर मी एका गाडीच्या मागच्या सीटवर आडवी झाले होते. परक्या माणसासमोर मला खुर्चीवर बसायचीही लाज वाटते. लोक बोलायला लागले की मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहते. तरी त्या दिवशी आडवी झाले, कारण पोरीचे बापू म्हणाले, "तू झोपी देख. तुनी न् पोरनी उंची सारखीच शे."

मी चप्पल काढली, आत शिरले आणि डाव्या कुशीवर झाले. गाडीत तापलेल्या रेक्झिनचा वास होता.

गाड्यांचा शेठ खिडकीतून डोकावला. "काकी, गाडी लेवानी छे के खाटलो?"

सगळे हसले. बापूही हसले. मी पदर तोंडावर ओढून घेतला आणि पदराआडून पाय लांब करून पाहिले. गुडघे थोडे दुमडावे लागत होते, पण पोटावर भार येत नव्हता. आधीच्या दोन गाड्यांत येत होता.

"पुरस का?" बापूंनी विचारलं.

"पुरस," मी म्हटलं.

एवढ्यावर गाडी ठरली.

आमची एकच पोर. साक्रीच्या पुढे एका खेड्यात दिलेली. तिला दिवस गेले होते आणि पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडे सुरतच्या उधन्याला व्हायचं होतं. तिसऱ्या महिन्यात तिला थोडा त्रास झाला होता, तेव्हाच डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की धक्के बसतील असा प्रवास नको, लांब जायचं तर आडवं होऊन जा. तिच्या सासूबाईंनी सातव्यात न्या म्हणून निरोप दिला होता. आठव्यात पोर दाराबाहेर काढणार नाही, असंही सांगितलं होतं. आमच्याकडेही आठव्यात आणत नाहीत.

मी म्हटलं होतं, भाड्याची गाडी करू. बापूंनी ऐकलं नाही. त्याला कारण होतं.

बापूंनी सगळं आयुष्य दुसऱ्याचा टेम्पो चालवला. उधन्याच्या लूमवरून कापडाचे ताके भरायचे आणि पलसाण्याला रंगाईच्या मिलमध्ये उतरवायचे. पोरीच्या लग्नानंतर तिचं कपाट आणि भांडी पोचवायची होती, तेव्हा शेठकडून तोच टेम्पो मागून घेतला आणि पोरीलाही त्यातच पुढे आमच्या दोघांच्या मध्ये बसवून नेलं. दोन पैसे वाचतील असं आम्हाला वाटलं. तिच्या सासरच्या दारात टेम्पो थांबला तेव्हा शेजारची एक बाई मोठ्याने म्हणाली, "काय वं, सून उनी का कपाट उनं?" सून आली की कपाट आलं, असं. विहीणबाई त्यावर हसून म्हणाल्या, "दोरीनं बांधी आनी का काय पोरले?" चेष्टाच होती ती. पोरही हसली. पण परतीच्या वाटेवर बापूंनी टेम्पो बारडोलीपर्यंत कुठे चहालाही थांबवला नाही. बारडोलीला उसाच्या ट्रॉल्यांमागे टेम्पो अडकला तेव्हा म्हणाले, आता पोरीला आणायचं तर आपल्या गाडीतूनच.

गाडी घ्यायला आमच्याकडे बापूंचं साठवलेलं थोडं आणि माझं साड्यांवर टिकल्या चिकटवण्याचं थोडं, एवढंच होतं. त्यात नवी येत नाही. म्हणून गणपतीच्या आधीच्या दिवसांत आम्ही दर सुट्टीला जुन्या गाड्या पाहत फिरलो. बापू टायर बघायचे, खाली वाकून पत्रा सडलाय का बघायचे, दार उघडून धाडकन लावायचे आणि आवाज ऐकायचे. गाडीच्या मागच्या टोकावर दोन्ही हात ठेवून जोर द्यायचे आणि सोडायचे. ती एकदाच वर येऊन थांबली तर चांगली, डुलत राहिली तर खड्ड्यात धक्के देणार. एक निळी गाडी दिसायला फार सुरेख होती, आमच्या पैशात बसतही होती, पण ती डुलत राहिली. एकीत मागे गॅसची टाकी होती, चालवायला स्वस्त पडली असती. पण तिची सीट आखूड होती. शेवटी ही पांढरी मिळाली. एका बाजूचा रंग थोडा वेगळा दिसतो, कधीतरी कुठे घासली असेल. बापू म्हणाले, रंगानं काय करायचं.

बयाणा दिला. नाव बदलायचे कागद व्हायला दिवस लागले, आणि कागद हातात आले तेव्हा पितर लागले होते.

पितृपक्षात आमच्याकडे नवी वस्तू घरात आणत नाहीत. साधी बादलीही नाही. शेठही म्हणाला, श्राद्धात कोणीच गाडी नेत नाही काका, उभी राहू द्या. तिथे आमच्यासारख्यांच्या बऱ्याच विकलेल्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या, काचेवर नावाच्या चिठ्ठ्या लावून.

पोर तेवढी फोनवर हसली. तिचा जन्म सुरतचा, शाळा सुरतची, ती कोणालाही कशीही बोलते. "बापू, जुन्या गाडीला कसला मुहूर्त? तिनं माझ्यापेक्षा जास्त पितर पाहिलेत."

"तुले जुनी व्हई, मले नवीच शे," बापू म्हणाले.

"मग मी काय करू? इकडे रस्त्याकडे बघत बसू? लवकर या ना. मला माय आणि तिच्या हातची खिचडी दोन्ही पाहिजे."

"घट बसनात का गाडी, आन् दुसरा दिवसले तू."

सातवा महिना नुकताच लागला होता. हिशोबाने सगळं नीट बसत होतं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, गल्लीत कोणालाच वाटलं नाही. उलट बायका म्हणाल्या, बरं केलं, दोन जिवांचं काम आहे, वाईट दिवसांत नको.

ते पंधरा दिवस बापू कामावरून सुटले की आधी गाडीकडे जायचे. काच पुसायचे. एक दिवस मलाही घेऊन गेले. पुढे बसून आतल्या आरशाला हात लावत म्हणाले, टेम्पोला हा नसतो. मागे ताकेच असतात, बघायचं काय? मग त्यांनी मला मागे बसवलं आणि मी दिसते का ते आरसा हलवून हलवून पाहिलं. मी पोरीसाठी जुन्या साडीची मऊ गोधडी शिवत होते, ती सीटवर टाकून मापून घेतली.

पितर संपत आले होते तेव्हा एका सकाळी जावयाचा फोन आला. पहाटेपासून पोरीच्या पोटात दुखत होतं. गावात त्या वेळी गाडी मिळाली नाही. माणसं भरून तालुक्याला जाणारी जीप आली, तिच्यात बसवून तिला दवाखान्यात नेलं होतं.

बापूंनी फोन ठेवला आणि चपलाही न घालता निघाले. थोड्या वेळाने गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. मी बाहेर आले तर पांढरी गाडी उभी होती. ना नारळ, ना हार, ना चाकाखाली लिंबू. त्या दिवशी त्यांनी तिथी पाहिली नाही. मी गोधडी घेतली आणि बसले. शेजारणी दारात उभ्या होत्या, पोरांना वाटेतून मागे ओढून.

आम्ही पोचलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. बाळ गेलेलंच जन्मलं. सासरच्यांनी ते दुपारीच मातीआड केलं होतं. मी पाहिलं नाही. पोर भिंतीकडे तोंड करून झोपली होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर म्हणाली, "माय, गाडी आनी का?"

मी हो म्हटलं.

बापू डॉक्टरांच्या दारात उभे होते. डॉक्टर म्हणाले, बाळ आधीच पोटात दगावलं होतं, जीपमुळे काही झालेलं नाही. बापूंनी विचारलं, "सुरतमा राहती ते?" पोर आधीच सुरतला आणली असती तर, असं. डॉक्टर म्हणाले, "काका, ते सांगता येत नाही."

आमच्या घरापासून मोठा दवाखाना पायी जाता येईल एवढ्या अंतरावर आहे. डॉक्टरांचं पहिलं बोलणं बापू विसरले. शेवटचं तेवढं त्यांच्याजवळ राहिलं.

थोड्या दिवसांनी पोरीला घेऊन आम्ही निघालो. विहीणबाई गाडीपर्यंत आल्या. गाडीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. घरातून एक उशी आणली होती, ती वाकून मागच्या सीटवर ठेवली आणि म्हणाल्या, "राहू द्या विहीणबाई, डोकाखाल." मग पदर तोंडाला लावून आत गेल्या.

पोर मागे माझ्याजवळ बसली. आडवी झाली नाही. सरळ बसून बाहेर पाहत राहिली, हात मांडीवर ठेवून. ते हात कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं असं मला वाटलं. इतके दिवस ते पोटावर असायचे.

रस्ता पावसाने उखडलेला होता. बापू एकेक खड्डा टाळत, कधी अगदी थांबून, पुढचं चाक हळूच उतरवून गाडी चालवत होते. मागचे ट्रक हॉर्न वाजवत पुढे जात होते. एक ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "ओ काका, अंडी भरलीत का?" बापूंनी मान वळवली नाही.

बऱ्याच वेळाने पोर म्हणाली, "बापू, चालवा ना जोरात. आता कशाला जपता?"

पुढच्या खड्ड्याला बापूंनी पुन्हा ब्रेक दाबला. गाडी तशीच हळू चालू राहिली.

नवापूरच्या पुढे तिने मला हात लावला. "माय, तू पुढे बस. मला झोपायचंय."

गाडी कडेला घेतली. मी उतरून पुढे बसले. तिने उशी दाराशी लावली आणि डाव्या कुशीवर झाली, मी त्या मैदानात झाले होते तशीच. पण तिने पाय लांब केले नाहीत. गुडघे पोटाशी घेतले, हात गुडघ्यांत घातले आणि लहानपणी तापात झोपायची तशी गोळा होऊन झोपली. मी गोधडी मागे टाकली. ती तिच्या अंगावर पुरून उरली.

इतक्या गाड्या पाहिल्या, इतक्या नको म्हटल्या, ते ह्या सीटसाठी. पोरीला त्यातली अर्धीच लागली. तिच्या पायांपुढची जागा सोनगड, व्यारा, बारडोली सगळ्या वाटेवर रिकामी होती.

सोनगडच्या अलीकडे बापूंनी एक हात वर नेला आणि आतला आरसा थोडा खाली केला. मग घरापर्यंत एक डोळा रस्त्यावर आणि एक त्यात, असे ते चालवत राहिले.