घणाला न भिणारा हिरा

दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीत आलेला पाहुणा आधी हिऱ्यांच्या जुन्या खाणीच्या मोठ्या खड्ड्यात डोकावतो, मग म्युझियममधला जुना गुत्ता बघतो, आणि भूक लागली की माझ्या गाडीवर येऊन मग्विन्या खातो. तळलेल्या पिठाचे हे गोळे मी फाटकाशीच विकते. एवढा खड्डा माणसांनी कुदळी-फावड्यांनी खणला म्हटल्यावर लोक आ वासतात. ती माणसं कोण, हे कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर मी न्ताते सेखोबेंकडे बोट दाखवून 'अशीच माणसं' म्हटलं असतं. वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही न्ताते म्हणतो.

न्ताते शेजारच्या लेसोथो देशाच्या डोंगरातले. तरुणपणी धाकट्या भावाकडे गुरं सोपवून ते इथल्या खाणीत आले. निघताना आई म्हणाली होती, "हिऱ्यांच्या गावाला चाललास, रिकाम्या हातानं येऊ नकोस." बाई सहज बोलली असेल. पण खाणीवरून हात हलवत परतलेल्या माणसाची तिकडे टिंगलीची गाणी होतात. न्ताते परत गेलेच नाहीत. आई वारली तेव्हाही नाही.

खाण बंद पडल्यावर म्युझियमनं त्यांना जुन्या खाणकामगाराची टोपी, घण आणि ऐरण दिली. पाहुण्यांसमोर चाळणीत खडी हलवायची, एक पांढरी गार, साधी गारगोटी, उचलून ऐरणीवर ठेवायची आणि गर्जायचं, "खरा हिरा घणाला भीत नाही!" मग घाव, गारेचा भुगा आणि टाळ्या.

"न्ताते, रोज तेच बोलून जीभ झिजत नाही का?" मी चिडवायची.

"जीभ झिजते पोरी, हिरा झिजत नाही." मी पन्नाशीची, तरी त्यांची पोरच.

खेळासाठी लागणारी खडी ते मागच्या, खाणीतून निघालेल्या मातीच्या जुन्या ढिगाऱ्यातून आणत. एका सकाळी फाटक उघडायच्या आधी ते माझ्याकडे आले आणि त्यांनी मूठ उघडली. हरभऱ्याएवढा खडा होता, पिवळसर, साबणाच्या चिपेसारखा तुळतुळीत.

"दिनेओ, काय असेल गं हे?"

मी झटकन इकडेतिकडे पाहिलं. "आधी मूठ झाका!" परवान्याच्या कागदाविना कच्चा हिरा जवळ सापडला की आमच्या गावात थेट तुरुंग. "व्यापाऱ्याला दाखवायचीही सोय नाही," मी म्हटलं.

"व्यापारी कशाला? भावाच्या हातावर ठेवायचाय."

"मग निघा की आजच! थांबलात कशाला?"

"आणि काच निघाली तर? लोक म्हणतील, म्हातारा जन्मभर हिऱ्यांच्या गावात राहिला आणि बाटलीचा तुकडा घेऊन आला."

ते ऐरणीकडे वळले. मी तळण टाकून मागे धावले. "अहो, तो पाहुण्यांचा खेळ आहे!"

"खेळ कसला? खाणीत पहिल्या दिवशी मुकादमानंही हेच सांगितलं होतं." त्यांनी खडा ऐरणीवर ठेवला. या वेळी ते गर्जले नाहीत, देवाजवळ बोलावं तसं पुटपुटले, "खरा हिरा घणाला भीत नाही."

एका घावात खड्याचे तुकडे झाले. न्तातेंनी वाकून ते बोटानं चाळले आणि हसले. "बघ, काचच. नाक वाचलं म्हणायचं." तुकडे गोळा करून त्यांनी ढिगाऱ्यावर भिरकावले आणि माझ्याकडच्या दोन मग्विन्या खाल्ल्या. मलाही सुटल्यासारखं झालं.

हिवाळ्यात एक म्हातारे पाहुणे आले. जन्मभर हिऱ्यांना पैलू पाडलेला माणूस. खेळ संपल्यावर ते न्तातेंना माझ्याकडे चहाला घेऊन आले आणि मायेनं म्हणाले, "खेळ झकास आहे हो तुमचा. पण ते वाक्य तेवढं खोटं. हिरा कठीण असतो, तसा ठिसूळही. मी एका टिचकीत हिरे दुभंगवलेत. या घणाखाली जुन्या काळी बिचाऱ्या खाणकामगारांनी कितीतरी खरे हिरे फोडले असतील."

चहा पिऊन ते गेले. न्तातेंचा कप तसाच राहिला.

त्या दिवसापासून खेळ संपला की न्ताते चाळणी घेऊन ढिगाऱ्यावर बसू लागले. "सोडा आता," मी कितीदा म्हटलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. एका संध्याकाळी ते गाडीपाशी आले. चिमटीत नखाएवढी कपची होती. ती त्यांनी माझ्या गाडीच्या काचेवर दाबून ओढली. काच करकरली आणि लांब रेघ उमटली.

"गारेनंही रेघ उठते, न्ताते," मी घाईनं म्हटलं.

"गार मी ओळखतो, पोरी. जन्मभर गारच फोडली."

मला रडू आवरेना. "मग हीच घेऊन जा. हात रिकामा तर नाही ना."

"आणि बाकीचा कुठाय म्हणून भावानं विचारलं तर?"

त्यांनी कपचीवर फुंकर मारली. ती मातीत कुठे पडली ते मी पाहिलं नाही, त्यांनीही नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेची सहल आली. न्तातेंनी टोपी चढवली, ऐरणीवर गार ठेवली, घण उचलला. "खरा हिरा..." म्हणाले आणि तिथेच अडकले. पण पोरांकडून मास्तरांनी ते वाक्य आधीच पाठ करून घेतलं होतं. सगळी एका सुरात ओरडली, "घणाला भीत नाही!"

न्तातेंनी घण हाणला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.