भाभीच्या घराची बोली

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये भाभी राहायची, सासू आणि दोन मुलींना घेऊन. नवरा कुवेतला होता. तिथे कामावर त्याच्या पाठीला मार लागला आणि कंपनीने सरळ घरी पाठवून दिलं. कर्जाचे हप्ते थकले, आणि एक दिवस बँकेची माणसं तिच्या दारावर जप्तीची नोटीस डकवून गेली. आमचे सोसायटीचे सेक्रेटरी ती नोटीस येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे. आत सासू ऐकत असायची. मला इतका संताप यायचा की जिन्यावरून खाली उतरणंच नको वाटे.

लिलाव इंटरनेटवर होणार होता. भाभी माझ्याकडे आली, बसलीसुद्धा नाही.

"ताई, घर जाणार ते जाणारच. तुम्ही घ्या. आम्ही भाडं देऊन राहू."

ह्यांनी दोन दिवस विचार केला आणि गावच्या कलमांच्या बागेतला आपला हिस्सा भावाला देऊन पैशांची सोय केली.

एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत मी बोली लावायला बसले. पडद्यावर बोली लावणाऱ्यांची नावं नव्हती, नुसते नंबर. एकेक जण गळाला. एक मात्र हटेना. मी वाढवलं की तोही वाढवी आणि लिलाव संपायची वेळ पुन्हा पुढे सरके. त्यातच लोडशेडिंगची वेळ झाली.

"बाई, लवकर आटपा, इन्व्हर्टर फार टिकायचा नाही," कॅफेवाला म्हणाला.

शेवटी तो नंबर थांबला. घर आम्हाला मिळालं.

त्यानंतर मी आले की पार्किंगमधल्या बायका बोलायच्या थांबत. 'शेजारणीच्या घरावर टपून बसली होती,' असं माझ्याबद्दल पसरलं होतं, आणि पसरवलं होतं सेक्रेटरींनी.

पुढे कागदपत्रांसाठी बँकेत गेले, तेव्हा तिथला अधिकारी सहज बोलून गेला, "तुमचे सेक्रेटरी शेवटपर्यंत भिडले हो. काल अनामत परत न्यायला आले होते."

सोसायटीच्या सभेत मी उभी राहिले. "घर तुम्हाला मिळालं असतं तर भाभीला राहू दिलं असतंत?"

"मी गुंतवणूक म्हणून बघत होतो," ते म्हणाले.

"म्हणजे मी टपले होते, आणि तुम्ही गुंतवणूक करत होतात."

चहा फिरत राहिला. सेक्रेटरींपेक्षा त्या चहा पिणाऱ्यांचा मला जास्त राग आला.

भाभी आमची भाडेकरू म्हणून राहिली. काही वर्षांनी नवऱ्याने संगमेश्वरला दुकान टाकलं आणि ते सगळे तिकडे गेले. निरोपाला सेक्रेटरींनी नारळ देऊन भाषण केलं. संकटात सोसायटी ह्या कुटुंबाच्या पाठीशी उभी राहिली, म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी भाभीचा हात धरला आणि तिला घेऊन बाहेर पडले.