फिफ्टीत न मावलेली भावकी

शिनोलीच्या सुदर्शनने कॅमेरा घेतला तेव्हा गावात दोन मतं पडली. एक मत असं, की पोरगं कामाला लागलं. दुसरं असं, की पोरगं कामातून गेलं. कॅमेरा नारायणगावच्या एका फोटोग्राफरकडून जुना घेतलेला, कोपऱ्याचं रबर निघालेलं. पण तो गळ्यात अडकवून सुदर्शन घोडेगावच्या बाजारातून चालला की भाजीवाल्या बायका आपोआप पदर सारखा करायच्या. एवढ्या मानावर तो पुष्कळ दिवस खूश होता.

मग त्याला लेन्स ही भानगड कळली आणि सुख संपलं.

कॅमेऱ्याबरोबर एक लेन्स आलेलीच होती, अठरा ते पंचावन्नची. अठराला फिरवली की अख्खं घर गोठ्यासकट मावायचं, पंचावन्नला फिरवली की माणूस जरा जवळ यायचा. गरीब गाईसारखी लेन्स, म्हणाल ते करणारी. पण मोबाईलवर इंदूरकडची दाढीवाली पोरं रोज हिंदीतून सांगायची, की भाई, ही लेन्स म्हणजे डब्याबरोबर फुकट आलेला चमचा, सीरियस असाल तर दुसरी घ्या. सुदर्शन सीरियस होता. घोडेगावच्या कॉलेजातून बी.कॉम. होऊन घरी बसलेल्या माणसाला सीरियस होण्यावाचून दुसरं काम तरी काय असतं?

आधी त्याच्या मनात लांबची लेन्स आली. जुन्नर-आंबेगावात उसात बिबटे, तर त्यांचे फोटो काढून नाव करावं. हे त्याने दुधाची गाडी चालवणाऱ्या सुनीलला सांगितलं. सुनीलने गाडीचं इंजिनही बंद केलं नाही. म्हणाला, "बिबट्या तुज्या गोठ्यापतूर येतोय राव, तुला झूम कशाला? उलट त्यालाच सांग, जरा मागं सर म्हणून."

किंमत ऐकल्यावर बिबट्या आपोआपच मागे सरला. मग आहुप्याचे कडे एका फोटोत बसवणारी रुंद लेन्स मनात आली. तिची किंमत त्या कड्यांइतकीच उभी. राहता राहिली पन्नासची. सगळ्यात स्वस्त, आणि दाढीवाले तर तिच्यावर जीव टाकायचे. फिफ्टी घ्या, चेहरा असा येतो आणि मागचं असं लोण्यासारखं विरघळतं. तिला झूम नसतो, पाय हाच झूम, पुढे-मागे चालायचं. सुदर्शनला हे फार पटलं. चालण्याचं आम्हाला कौतुक नाही, असं तो मनात म्हणाला. व्हिडिओच्या शेवटी दाढीवाला असंही सांगत असे, की आपल्या साध्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यावर पन्नासची लेन्स पंच्याहत्तरसारखी वागते, घरात वापरायला अडचण होते. पण तोवर सुदर्शनने पुढचा व्हिडिओ लावलेला असायचा.

स्वस्त झाली तरी तिच्यासाठी हाताशी होतं त्यात भागत नव्हतं. घोडेगावात सुवालालशेठचं कापडाचं दुकान आहे. त्याच दुकानाच्या अर्ध्या काउंटरवर त्यांचा मुलगा हितेश मोबाईल आणि कॅमेऱ्याचं सामान विकतो. सुदर्शनने त्याला विचारलं, की माझी जुनी लेन्स घे आणि वरचे घेऊन फिफ्टी दे. हितेशने बिचाऱ्याने समजावलं, की भाऊ, तुझ्याकडे ही एकच आहे, ही राहू दे, फिफ्टी दिवाळीत घे. पण वैशाखात सुदर्शनच्या चुलतबहिणीचं, वृषालीचं लग्न होतं, आणि फोटोचं काम घरचा म्हणून त्यालाच मिळालेलं. दिवाळीपर्यंत थांबतो कोण?

मागे कापडाचं ठाण गुंडाळत बसलेले सुवालालशेठ मान वर न करता म्हणाले, "नवा सदरा पायजे म्हणून नेसलेलं धोतर सोडून देतं का रे कोणी?"

सुदर्शन हसला. धोतर काउंटरवर ठेवलं आणि सदरा घेऊन घरी आला.

पहिला महिना दिवाळीसारखा गेला. त्याने आजी साळुबाईंचा गोठ्यापुढे बसलेला फोटो काढला. एकेक सुरकुती वेगळी मोजून घ्यावी अशी आली. साळुबाईंनी तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि विचारलं, की मागं म्हैस बांधली व्हती ती कुठाय? सुदर्शनने सांगितलं, की ती मुद्दाम धूसर केली आहे, त्यालाच कला म्हणतात. साळुबाईंना ते काही मानवलं नाही. दुभत्या म्हशीचा असा धुरळा करणारा नातू पुढे काय दिवे लावणार, हे त्या शेजारणींना सांगत राहिल्या.

मोबाईलवर फोटो काढणाऱ्यांना मात्र सुदर्शन आता तुच्छतेने बघू लागला. चावडीवर, दूध डेअरीवर, जिथे विषय निघेल तिथे तो ऐकवायचा, की मोबाईलचा फोटो मोबाईलपुरताच, भिंतीवर मोठा करून लावला की फुटतो. हे त्याने इतक्यांदा सांगितलं की म्हाताऱ्यांचंही पाठ झालं. त्याचे आजोबा रखमाजीबाबांचं तर नक्कीच.

आणि काम सांगितलं ते बाबांनीच.

बाबा भावकीतले सगळ्यात थोरले. ऐंशीच्या पुढे गेलेले, पण आवाज शाबूत. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून त्यांचा पुतण्या दादाभाऊ याच्या घरांचं आणि यांच्या घरांचं बिनसलेलं. रस्त्यात बोलायचे, मयताला यायचे, पण एकमेकांच्या मांडवात जायचे नाहीत. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवडहाळे असतात. भावकीतल्या प्रत्येक घराने आंब्या-उंबराचा डहाळा वाजतगाजत आणून मांडवावर टाकायचा. ज्याचा डहाळा पडला नाही, तो भावकीत असून नसल्यासारखा. मागच्या दोन लग्नांत दादाभाऊचा डहाळा पडला नव्हता. या वेळी बाबा काठी टेकत स्वतः त्याच्या दारात गेले. काय बोलले ते कोणाला कळलं नाही, पण परत आल्यावर त्यांनी सुदर्शनला जवळ बोलावलं.

"दादाभाऊ येतोय. समदी येत्यात. मांडवाच्या दारात समद्यांचा एक फोटू काढ. एकच. मोठा करून भिताडाला लावायचा. पुन्यांदा मी काय हितं बसणार न्हाई."

सुदर्शनने हो म्हटलं. एका फोटोत काय अवघड आहे?

मांडवडहाळ्यांच्या दिवशी दुपार कलल्यावर ताशा वाजायला लागला. पूर्वी डहाळे बैलगाडीतून यायचे, आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आले. दादाभाऊ पुढे होता, डोक्याला नवा फेटा, खांद्यावर उंबराचा डहाळा. त्याने तो मांडवावर फेकला तेव्हा ताशेवाला आपण होऊनच थांबला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. वृषालीचे वडील सुभाषतात्या पुढे होऊन दादाभाऊच्या पाया पडायला लागले, तर दादाभाऊने त्यांना वरच्या वर धरलं. सुदर्शनने हे दोघे टिपले. काय सुंदर आले! मागचा सगळा गोंधळ विरघळलेला, पुढे दोन चुलतभाऊ. त्याला वाटलं, आजचा दिवस आपला.

मग फोटोसाठी माणसं जमली. मधोमध खुर्चीवर बाबा, शेजारच्या खुर्च्यांवर दोन्हीकडची थोरली माणसं. त्यांच्या उजव्या हाताला सुभाषतात्यांकडची घरं, डाव्या हाताला दादाभाऊकडची. पुढे पोरं बसलेली, मागे बायका, त्यांच्या मागे बाप्ये. कोणी सांगितलं नव्हतं, पण जो तो आपापल्या माणसांना धरून उभा राहिला. सुदर्शनने कॅमेरा डोळ्याला लावला. आत बाबा दिसले आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच माणसं.

तो मागे सरला. चार माणसं वाढली. आणखी सरला. अंगण चाळीसेक फुटांचं, त्यापुढे कांदा साठवायची बराख. बराखीच्या कुडाला पाठ टेकली तेव्हा निम्मी भावकी आत आली आणि निम्मी बाहेर. उजवीकडे फिरवावं तर तात्या जायचे, डावीकडे फिरवावं तर दादाभाऊ. मधे धरावं तर दोघांच्याही घरची अर्धी-अर्धी माणसं. बोटं सवयीने लेन्सची कडी फिरवायला गेली. कडी फिरली, माणसं धूसर झाली, पुन्हा स्पष्ट झाली. एकही वाढलं नाही.

"सरकून घ्या जरा," तो म्हणाला.

माणसं सरकली. लग्नघरातली, नवी कापडं घातलेली माणसं किती सरकणार? सुदर्शन ट्रॉलीवर चढला. ट्रॉलीवरून माणसांची डोकी छान दिसली, संख्या तेवढीच. खाली उतरून म्हणाला, की आपण सगळे देवळापुढच्या पटांगणात जाऊ. दादाभाऊ शांतपणे म्हणाला, की मांडव टाकला हितं आन् फोटू तिकडं, आमी काय मोर्चाला आलोय? सगळे हसले, दादाभाऊसुद्धा. तोवर हसत होते.

वृषालीची धाकटी बहीण श्रेया मागून बोलली, "दादा, माझ्या मोबाईलमध्ये बसतात सगळे. बघ ना, वाईड आहे."

तिने धरूनही दाखवला. खरंच बसत होते. मांडव, डहाळे, बराखीची सावली, सगळे. सुदर्शनने पाहिलं आणि तोंड उघडलं. पण त्याच्या आधी बाबा बोलले.

"मोबाईलचा नको. त्यो भिताडावं फुटतो. सुदर्शनच म्हणतो."

इथे सुदर्शनने एवढंच म्हणायचं होतं, की बाबा, एवढा काही फुटत नाही, चालेल. चार शब्द. सगळी भावकी त्याच्याकडे बघत होती. त्या माणसांना तो इतके दिवस शिकवत आला होता. त्याचे कान तापले आणि त्या चार शब्दांऐवजी भलतेच शब्द बाहेर आले. म्हणाला, की काळजी करू नका, मी दोन फोटो काढतो, आधी एक बाजू, मग दुसरी, आणि कॉम्प्युटरवर जोडून एक करतो, जोड दिसणारसुद्धा नाही.

हे त्याने एका व्हिडिओत पाहिलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. दाढीवाल्याने फक्त डोंगर जोडून दाखवले होते. डोंगरांना मानपान नसतो.

मग दादाभाऊचा भाऊ सावळाराम म्हणाला, "आधी कोणाचा?"

सुदर्शनला प्रश्नच कळला नाही. म्हणाला, कोणाचाही, त्याने काय फरक पडतो. आणि कॅमेरा डोळ्याला लावला. तो ज्या बाजूला उभा होता तिकडून तात्यांची घरं समोर पडत होती, म्हणून तिकडे लावला. बाकी काही त्याच्या मनात नव्हतं, हे तो पुढे कितीतरी जणांना सांगत फिरला.

"म्हंजे आमचा मागनं," सावळाराम म्हणाला. "पाण्याला मागनं, फोटूलाबी मागनं."

"आरं, पोरगं हाय ते," तात्या म्हणाले.

"पोरगं हाय, पर शिकवून ठिवल्यालं हाय."

सुदर्शनने कॅमेरा घाईघाईने दुसऱ्या बाजूला वळवला. झालं, आता इकडची बायामाणसं कुजबुजली. तात्यांची बहीण मोठ्यानेच म्हणाली, की मांडव आमचा, पोरगी आमची, आन् पयला फोटू त्यांचा का? सुदर्शनने कॅमेरा मध्ये आणला. मध्ये बाबा होते. त्या काचेतून त्याला बाबांचा चेहरा अगदी जवळ दिसत होता, आणि त्यांच्या कानाशी दोन्हीकडून आवाज चढत गेलेले ऐकू येत होते. विहीर आली, पाइपलाइन आली, कोणाच्या तरी आजारपणात कोण आलं नव्हतं तेही आलं. श्रेया अजून मोबाईल धरून उभी होती. सुदर्शन ओरडला, की मोबाईलवर काढू, मोबाईलवर सगळे बसतात, मोठा केला तरी फुटत नाही. पण आता ते ऐकायला कोणाला सवड होती?

दादाभाऊ सगळ्यात शेवटी उठला. तो भांडला नाही, तेच वाईट झालं. बाबांपुढे येऊन वाकला, पायांना हात लावला आणि म्हणाला, "बाबा, डहाळा टाकला. तुमचा सबूद राखला. आता निघतो."

"जेवून जा," बाबा म्हणाले.

"नको."

मांडवडहाळ्यांना येऊन न जेवता जाणं म्हणजे काय, हे आमच्याकडे लहान पोरालाही समजतं. तात्या मागे धावले. बायकांनी वाट अडवली. कोणी हात धरला, कोणी आण घातली. अडवायला गेलेल्यांतच दोघे पुन्हा भांडले. बाबांच्या डावीकडची बाजू हळूहळू रिकामी झाली, आणि ती रिकामी झाल्यावर उजवीकडचेही उभं राहायचं कशाला म्हणून पांगले. वृषाली हळदीच्या पाटावरून उठून दारात आली होती. तिने सुदर्शनकडे एकदाच पाहिलं आणि आत गेली.

अंगणात बाबा राहिले, खुर्चीवर. सुदर्शन बराखीशी उभा. त्याला वाटलं, जाऊन पाय धरावेत. दादाभाऊच्या मागे पळावं, तर त्याच्या दारात जाऊन काय सांगणार? पंच्याहत्तरसारखी वागते म्हणून?

"सुदर्शन," बाबांनी हाक मारली. "हिकडं ये."

तो गेला.

"त्याच्यात मी एकटा बसतो का?"

"बसता, बाबा."

"समदा?"

"समदे."

"मंग काढ. पुढं लागंलच."

सुदर्शन काही म्हणणार होता. बाबांनी हातानेच गप्प केलं, टोपी सारखी केली, काठी दोन्ही गुडघ्यांच्या मधे धरली आणि रिकाम्या पडलेल्या खुर्च्यांच्या मधोमध ताठ बसले. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. चेहरा पाण्यात दिसावा तसा हलत होता. लेन्स ठीक होती. बराखीमागे चुलाणापाशी आचारी तात्यांना विचारत होता, की दादाभाऊंच्या घरची किती ताटं कमी धरायची.