पंजाबभाऊंच्या कॅमेऱ्याचं रबर

नांदुऱ्याला स्टेशनाच्या रस्त्यावर माझं सायकलचं दुकान आणि समोर पंजाबभाऊंचा फोटो स्टुडिओ. लग्नसराईत ते पार वडनेर भोलजीपर्यंत फोटो काढायला जात. एकाहत्तर साली मात्र त्यांचे फोटो हललेले निघू लागले. लोक तोंडावर बोलत. भाऊ कॅमेऱ्याच्या पकडीवरचं सुटलेलं रबर दाखवत. म्हणत, "हात सरकते ना."

त्यांनी डिंक लावून पाहिला, तो घामानं सुटला. सुताराकडचा सरस लावला, तो तडकला. शेवटी माझ्याकडे आले. मी दोन्हीकडून पंक्चरचं सोल्यूशन पातळ लावलं, जरा वाळू दिलं आणि रबर दाबून बसवलं.

"आता कॅमेरा फुटन, पण रबर निघणार नाही."

त्यांनी तिथंच माझा एक फोटो काढून पाहिला.

दुसऱ्या दिवशी रबर लोंबकळतंच होतं. "तुह्यं सोल्यूशन सुटलं बे," भाऊ म्हणाले.

माझं डोकं सणकलं. ट्यूबला वर्षभर धरणारं सोल्यूशन एका रात्रीत कसं सुटेल? मी कॅमेरा हातातून ओढूनच घेतला. रबराच्या कडेला खिळ्यानं उचकटल्याचे ताजे ओरखडे होते.

"माहा फोटो कसा आला?"

भाऊंनी कॅमेरा परत घेऊन गळ्यात अडकवला. मी चहा मागवला. त्यांनी बशी उचलली आणि तोंडाशी जाईपर्यंत अर्धा चहा धोतरावर सांडला.

"सोल्यूशनच खराब निघालं, भाऊ," मी म्हटलं. "कोणी इचारलं तर माह्यं नाव सांगा."