अडलेली पट्टी

शेजारच्या आजींचा परवा फोन आला. शेडमधल्या काडतुसं भरायच्या प्रेसची पट्टी पुन्हा अडतेय, शनिवारी विकत घेणारा माणूस येणार आहे, जरा बघून जाशील का, म्हणाल्या. हो म्हटलं आणि फोन ठेवून तिथेच बसून राहिले. आजोबा गेल्यापासून त्या शेडमध्ये मी पाऊल टाकलं नव्हतं.

आजी-आजोबा हे आपलं माझं मनातलं. इथे परदेशात, टूवूंबात कुणी तसं म्हणवून घेत नाही. मी त्यांना नावाने हाक मारायचे आणि ते मला ‘मेट’, म्हणजे दोस्त. आजोबा जन्मभर शाळेची बस चालवून रिटायर झालेले. रविवारी क्लबात मातीच्या उडत्या तबकड्यांवर बंदूक चालवायची आणि त्याची काडतुसं घरी स्वतः भरायची, हा त्यांचा नाद. पुढे हात थरथरायला लागले तेव्हा मी म्हटलं, मी भरते. पुण्यात वडिलांच्या वर्कशॉपमध्ये वाढलेली मुलगी मी, इथे शेतीच्या यंत्रांच्या कंपनीत इंजिनियर. मशीन दिसलं की हात शिवशिवतात. रीतसर लायसन्सही काढलं. नेम मात्र असा, की तबकडी सोडून बाकी सगळ्यांनी जपून राहावं.

ही प्रेस म्हणजे टेबलाला बसवलेलं हँडलचं यंत्र. वर दोन बाटल्या, एकीत दारू, दुसरीत छर्रे. बाटल्यांखाली भोकं असलेली आडवी पट्टी, तिला चार्ज बार म्हणतात. इकडे सरकवली की मापात दारू पडते, तिकडे सरकवली की छर्रे. पूर्ण सरकली नाही तर भोक अर्धंच उघडतं आणि दारू कमी पडते. असं काडतूस नुसतं फुस्स होतं, त्यातलं प्लास्टिकचं बूच बंदुकीच्या नळीत अडकून राहतं, आणि न बघता त्यावर दुसरं झाडलं तर नळी फुटते. तोंडापासून हातभर अंतरावर. म्हणून आजोबांचा एकच नियम होता: अडली की थांबायचं, जोर लावायचा नाही.

आता थांबणं मला कधी जमलंय? आई म्हणायची, ही पोरगी डब्याचं झाकण उघडत नाही, त्याच्याशी भांडते.

तीन वर्षांपूर्वी खंडेनवमीला मी आजोबांना विचारलं, आमच्यात आज हत्यारांची पूजा करतात, करू का? आजींच्या टोमॅटोच्या वाफ्यात झेंडू होताच. प्रेसला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, कुंकवात माखलेल्या अक्षता टाकल्या. आजोबा टोपी काढून उभे राहिले. वडील गेल्यावर पहिल्यांदाच खंडेनवमी झाल्यासारखी वाटली मला.

पुढच्या शनिवारी पट्टी अडायला लागली. आजोबा घरात डॉक्टरशी फोनवर बोलत होते आणि दुसऱ्या दिवशी त्यांची स्पर्धा होती. मी वैतागले. तळहाताने दोन रट्टे दिले, सरकली. पुन्हा अडली, पुन्हा दिले. पंचवीस काडतुसांची पेटी भरली, झाकणावर तारीख घातली आणि देऊन टाकली.

रविवारी दुपारी मात्र राहवेना. शेडची किल्ली माझ्याकडे असायचीच. जाऊन बाटल्या रिकाम्या केल्या. आधी वाटलं, स्क्रू फार आवळलेत. जरासे सैल केले. तरी अडतेच. दारूची भुकटी बसली असेल म्हणून कोरड्या फडक्याने पुसली, कडेवरून नख फिरवून पाहिलं. काही नाही. शेवटी पट्टी सबंध बाहेर ओढली. खालच्या खाचेत तांदळाचा अर्धा दाणा रुतून बसला होता. लाल.

लगेच फोन लावला. आजोबा फोन उचलेनात. गाडी काढली. क्लब चाळीस मिनिटांवर, आणि सबंध रस्ता देवाचा धावा करायचीही सोय नव्हती, अक्षता त्याच्याच नावाच्या. दर वळणावर मला त्यांचा चेहरा दिसत होता, म्हणजे चेहऱ्याच्या जागी जे उरलं असतं ते.

आजोबा घडीच्या खुर्चीत बसून चहा पीत होते. बंदूक उघडून स्टँडला लावलेली, पायाशी झाकण घातलेली पेटी. मला रडूच फुटणार होतं. इकडून चालले होते, असं काहीतरी थापलं आणि विचारलं, काडतुसं ठीक होती ना?

“सगळी वाजली,” ते म्हणाले. “नो वरीज, मेट.”

तेव्हा सांगायला हवं होतं. पण इंजिनियर म्हणवते आणि यंत्रात तांदूळ घालते, याची लाज वाटली. शिवाय ते टोपी काढून उभे राहिलेले आठवले. झाकली मूठ, म्हटलं, आणि गप्प बसले. घरी आल्यावर तो दाणा अंगणात भिरकावून दिला.

तो दाणा काही गेला नाही. तांदूळ धुताना अजून माझा हात थांबतो. कुठे फुस्स आवाज झाला, अगदी बसचा दरवाजा उघडला तरी, दचकते. त्यानंतरही दर शनिवारी मी काडतुसं भरायचे, आणि पूर्वी बाहेर पेपर वाचत बसणारे आजोबा आता माझ्यामागे स्टुलावर येऊन बसायचे. मला वाटायचं, म्हातारपण, सोबत हवी असेल. या हिवाळ्यात ते गेले. हृदयाने गेले, बंदुकीने नाही, हे मी स्वतःला किती वेळा बजावलं असेन.

आज गेले शेडमध्ये. त्यांची टोपी खुंटीवरच होती. स्टूलही जागच्या जागी, माझ्या पाठीशी, आणि पाठ अशी जड झाली की मी दोनदा वळून पाहिलं. पट्टी ओढून काढली. दमट हवेने दारूची खपली धरली होती, एवढंच. खरवडली, पुसली, बसवली. झरकन सरकली. मग मी त्या टोपीकडे बघून मराठीतच म्हणाले, “आजोबा, तांदूळ होता हो.”

आजी कपाटाची किल्ली घेऊन आल्या. येणारा माणूस घरी भरलेली काडतुसं घेणार नाही, एवढी तू क्लबवाल्यांकडे पोचव, म्हणाल्या. कपाट उघडलं. खालपासून वरपर्यंत पेट्या. प्रत्येक झाकणावर माझ्या अक्षरात शनिवारची तारीख. एक उचलली, भरलेली. दुसरी, भरलेली. तीन वर्षांतली एकही झाडलेली नाही. फक्त अगदी खालची, त्या खंडेनवमीनंतरची, अर्धी रिकामी होती, आणि तिच्यात करपलेलं एक बूच ठेवलेलं होतं.

मी आजींकडे पाहिलं. त्यांना वाटलं, मला राग आलाय.

“क्लबात तो दुकानातली घेऊन जायचा,” त्या म्हणाल्या. “त्या रविवारी बूच नळीत अडकलं. आवाज कमी आला म्हणून त्याने बघितलं. कशाने झालं ते मात्र त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. तुला विचारून बघ असं मी त्याला म्हटलं, तर म्हणाला, विचारलं तर ती यायची बंद होईल.”

मी त्या स्टुलावर बसले. तिथून प्रेसची पट्टी अगदी समोर दिसते. तीन वर्षं दर शनिवारी ते इथे बसून, माझी चूक कुठे होते ते शोधत होते.