पेढा खाल्लेलं तोंड

पोटात वरणभात आणि छातीवर वर्तमानपत्र, अशा अवस्थेत माणूस फार क्षमाशील होतो म्हणतात. मी अपवाद. संध्याकाळी केळशीकर मुख्याध्यापकांची शोकसभा आहे आणि तिथे मला बोलायचंय. गॅलरीतल्या आरामखुर्चीत डोळे मिटता मिटता मी एकेका शब्दाला धार लावतोय.

छातीवरचं वर्तमानपत्र कुणीतरी उचलतं. समोर साक्षात केळशीकर. फोटोला घातलेला हार गळ्यात, हातात पेढ्यांचा पुडा.

"उठू नका, आप्पासाहेब. आधी तोंड गोड करा."

हा पेढा मला ठाऊक आहे. शाळेत काही काळंबेरं करायचं असलं की केळशीकर आधी शिक्षकांच्या खोलीत पेढे वाटायचे. कशाबद्दल, हे विचारेपर्यंत पेढा तोंडात गेलेला असायचा. मग पेढा खाल्लेल्या तोंडाने तक्रार कोण करणार? माझी धाकटी बहीण सुलभा तिथे विज्ञान शिकवायची. संस्थेच्या अध्यक्षांच्या नातवासाठी केळशीकरांनी स्वतः पेपर फोडला आणि बोभाटा झाल्यावर आळ सुलभावर घातला. तिला काढलं त्या दिवशीही पेढे होते. मूल्यशिक्षणाच्या बाईंनी म्हणे दोन खाल्ले.

"मला डायबेटिस आहे," मी म्हणतो.

"तुम्हाला आहे हो. स्वप्नाला कुठे आहे?"

माझी गॅलरी आता वर्ग झालीय. केळशीकर पहिल्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन कोंबल्यासारखे बसलेत. फळ्यावर सुविचार आहे : नेहमी खरे बोलावे. अक्षर त्यांचंच.

"आज काय बोलणार आहात?"

"फळ्यावर लिहिलंय ते."

"अहो, गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये!"

"जिवंत होतात तेव्हा तुम्ही बोलू दिलं नाहीत. मग मी तुम्हाला गाठायचं तरी केव्हा?"

ते पुड्याच्या दोऱ्याशी चाळा करतात. "एक अडचण आहे. तिकडे कर्णा लावलाय. इथल्या शोकसभेत जे बोलतात ते सगळं तिकडे ऐकू येतं. आणि माझ्या शेजारी आई बसते."

"कशा आहेत?"

"मजेत. कानसुद्धा सुधारलेत. आज आमच्या दिगूचं कौतुक आहे म्हणून सगळ्यांना सांगत सुटलीय."

मला जो आनंद होतो तो सभ्य माणसाला शोभणारा नाही. मी तो लपवत नाही.

"म्हातारीने तुमचं काय घोडं मारलंय?" केळशीकर कळवळून विचारतात.

खरंच काही नाही. मी थोडा ढेपाळतो. ते लगबगीने पुडा उघडतात. पेढा अगदी ओठांशी येतो, तेव्हा मला सुचतं.

"तिकडे आणखी कोण कोण ऐकतं?"

"सगळेच की."

"माझी आई?"

पेढा जागच्या जागी थांबतो. "असतात. पलीकडच्या रांगेत. कुणाशी फारशा बोलत नाहीत."

कशी बोलेल? पेपरफुटीनंतर आईने हळदीकुंकवाला जाणं सोडलं. शेवटच्या दुखण्यात तिने सुलभाच्या हातचं पाणीही घेतलं नाही.

"केळशीकर," मी म्हणतो, "तुमच्या आईंना कानात बोळे घालायला सांगा."

वर्गाचं सभागृह झालंय. खुर्च्या भरल्यात. फोटोची चौकट रिकामी आहे, हार नुसताच लटकतोय. मी माईकसमोर तोंड उघडतो, आणि केळशीकर उभ्या आयुष्यात दाखवली नसेल अशा चपळाईने त्यात पेढा कोंबतात.

"दादा, ऊठ. निघायला हवं."

सुलभा चहा घेऊन उभी आहे. कडक इस्त्रीची साडी, चेहरा साडीहून कडक. ज्या शाळेतून तिला घालवलं तिची पायरी ती आज पुन्हा चढणार आहे.

"झोपेत काय चघळत होतास?"

माझी जीभ दाढेकडे जाते. वेलदोड्याचा दाणा. डॉक्टरांच्या कृपेने घरात गोडाचा कण नाही, आणि वरणात वेलदोडा घालण्याइतकी सुलभा अजून बिघडलेली नाही.

दाणा बशीच्या कडेला ठेवून मी बेसिनशी जातो. खळखळून चूळ भरतो. मग आणखी एक.

"बोलशील ना नक्की?" ती मागून विचारते.

"शाळेत फोन कर," मी तोंड पुसत सांगतो. "म्हणावं, कर्णा चांगला मोठा लावा. पलीकडच्या रांगेत ऐकू गेलं पाहिजे."